टेंभेकर काकांचा तेरडा

टेंभेकर काकांकडे गेलं की ते पाणी विचारत नसत. दार उघडायचे, आपण चप्पल काढतोय न काढतोय तोच मनगट धरायचे आणि बैठक, स्वयंपाकघर, मोरी असं सगळं घर ओलांडून थेट मागच्या अंगणात नेऊन उभं करायचे. पाहुणा उन्हातून आलेला असो की रात्रभराच्या गाडीतून उतरलेला, सगळ्यांना एकच न्याय. त्यांच्या मुलीला पाहायला आलेल्या मंडळींनाही त्यांनी असंच नेलं होतं म्हणे. “आधी रंग पाहा, मंग पाणी,” म्हणायचे. त्यावर स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज यायचा, “अहो, माणसं हायत ते, भुंगे नाहीत.” काका हसायचे, पण मनगट सोडायचे नाहीत.

रायपूरच्या चौबे कॉलोनीत त्यांचं आणि आमचं घर पाठीला पाठ लावून होतं. मध्ये कमरेएवढी भिंत. त्यांची पुढची बाजू पाहिलीत तर हा माणूस बागेचा वेडा आहे यावर तुमचा विश्वास बसला नसता. पुढे नुसतं सिमेंट, एक म्हातारी स्कूटर आणि तंगडी मोडलेली खुर्ची. बाकी कॉलोनीत उलटा प्रकार. फाटकाजवळ क्रोटनच्या रंगवलेल्या कुंड्या, पाटीवर साहेबांचा हुद्दा, आणि मागे भंगार. काकांचं म्हणणं असं, की “समोरचं लोकाईले दाखवाले असते. घराचं खरं तोंड मांगंच असते.” रेल्वेच्या ऑफिसात पस्तीस वर्षं फायली लावलेला माणूस, पण फुलांबद्दल बोलायला लागला की त्याच्या आवाजातला कारकून निघून जायचा.

त्यांचा एक नियम होता. अंगणातला एकही वाफा पंधरा दिवससुद्धा बिनरंगाचा राहता कामा नये. आमच्या रायपुरात हे बोलायला सोपं आहे. थंडीत कोणीही फुलवील, डेलिया, फ्लॉक्स, पिटुनिया, शेवंती, काही करायला नको. पण मेमध्ये भिंतीवर ठेवलेली बादली हाताला चटका देते, तेव्हा काय फुलवणार? काका फुलवायचे. सकाळी नऊला उघडणारी नौबजिया डब्याडब्यांतून, कडेला कोचियाचे हिरवे गोळे, आणि सगळ्यावर काकूंच्या जुन्या लुगड्यांची सावली. त्यांची खरी करामत मात्र कोपऱ्यातल्या तेलाच्या डब्यांमध्ये होती. एक फूल भरात असतानाच पुढच्या ऋतूची रोपं त्या डब्यांत तयार होत असायची. फेब्रुवारी संपता संपता शेवटचा फ्लॉक्स माना टाकायला लागला, की एका सकाळी तो निघायचा आणि संध्याकाळी त्या जागी दुसरं काही बसलेलं असायचं. “एक पंगत उठाच्या आधी दुसरीचे पाट मांडून पाह्यजे,” ते म्हणायचे. “नाही त पाहुणे निघून जाते.”

आता एक गोष्ट सांगतो, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. काकांना त्यांच्या घरात ‘तेरडा’ म्हणत. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही आपल्याकडची म्हण कोणाला माहीत नाही? काकांनी तरुणपणी पेटी शिकायला घेतली आणि सोडली. होमिओपॅथीची पुस्तकं आणली, अर्धी वाचली. बी.ए.चं शेवटचं वर्ष दिलंच नाही. तेव्हा त्यांच्या थोरल्या भावाने भर पंगतीत हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. लग्नात काकूंच्या माहेरच्यांनी ऐकलं, पुढे मुलीच्या सासरपर्यंत पोचलं. सत्तरीच्या माणसाला भाचे-पुतणे फोनवर ‘तेरडाकाका’ म्हणून हाक मारायचे आणि तेही “हां बोल” म्हणायचे. मला वाटायचं, त्यांना काही लागत नसावं. आपल्याला सोयीचं असतं ते आपल्याला वाटतं.

त्यांना लागत होतं. नाही तर दुसऱ्या कुठल्या माणसाने अकरा पावसाळे तेरड्यावर घालवले असते? कुठल्याशा वर्षी त्यांच्या वाफ्यात एक पांढरं झाड आलं, आणि त्याच्या पाकळ्यांच्या कडेला फिक्या जांभळ्याची रेघ होती. फूल भरगच्च, आणि इतर झाडांची फुलं तीन-चार दिवसांत गळत असताना हे पाच दिवस टिकलं. काकांनी ते झाड धरलं. दरवर्षी त्यातली सगळ्यात टिकाऊ झाडं निवडायची, त्यांचंच बी पेरायचं, रेघ नसलेली उपटून टाकायची. तेरड्याचं बोंड पिकलं की हात लागताच फुटतं आणि बी चौफेर उडतं, म्हणून बोंड भरत आलं की त्याला काकूंच्या जुन्या साडीची करंगळीएवढी पिशवी. भरगच्च फुलाला बी मुळात कमी धरतं. कधी चिमूटभर मिळायचं, कधी तेवढंही नाही. पाच दिवसांचे सहा झाले, सहाचे आठ. मी भिंतीवर कोपरं टेकून हे ऐकत असे, बहुतेक वेळा मोबाइल पाहत.

“नऊ दिवस, अवी,” अकराव्या पावसाळ्यात ते मला म्हणाले. “नऊ दिवस टिकून राह्यलं हे फूल. आता म्हणू दे कोणी तेरडा मले.” शहरातल्या शेतकी कॉलेजातल्या एका मॅडमनी बी पाहायला मागितलं होतं. पुढे त्याला काही नावही देता येईल असं त्या म्हणाल्या होत्या. नाव काय देणार, मी विचारलं. काका लाजले. सत्तरीचा माणूस लाजताना मी तेव्हाच पाहिला.

निवडलेल्या झाडाच्या खोडाला ते दोरा बांधत. पांढरा, साधा, शिवायचा. दोरा म्हणजे बियाचं झाड, त्याला हात लावायचा नाही, हे त्यांनी मला आदल्या वर्षी सांगितलं होतं. पण त्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. पांढरा दोरा दिसेना. “सगळं चहातून पाह्यल्यासारखं दिसून राह्यलं,” म्हणायचे. त्यांनी काकूंकडून हळद मागून घेतली आणि दोरा पिवळाधमक रंगवला, म्हणजे हिरव्यात चटकन ओळखू येईल. सात झाडांना सात पिवळे दोरे. आदल्या वर्षी पावसाने बरीचशी बोंडं कुजली होती. जे चिमूटभर बी उरलं ते सगळं त्यांनी जूनमध्ये पेरून टाकलं होतं. घरात दाणा शिल्लक नव्हता. जे होतं ते त्या सात झाडांवर होतं.

डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी दोनदा पुढे ढकललं होतं. “डोये थांबते, बी थांबत नाही.” शेवटी नागपूरच्या मुलीने गणपतीच्या दिवसांतली तारीख घेतली आणि वर रडलीही. बोंडं अजून कोवळी होती, पिशव्या आल्यावर बांधायच्या ठरवून काका काकूंना घेऊन निघाले. जाताना मागच्या दाराची किल्ली माझ्या हातात दिली. “पाणी पाऊस देईन. तू फक्त रोज एक चक्कर मार. गाय-गिय नको घुसाले.” मग थांबून म्हणाले, “माह्या डोयानं मी हा रंग तीन वर्षं झाली धड पाह्यला नाही. अंदाजानं निवडून राह्यलो. पट्टी निघाली की पहिले हेच पाहीन.” दोऱ्याचं काही बोलले नाहीत. मला माहीत आहे असं ते समजत होते.

ज्यांना बाकी महाराष्ट्रात गौरी म्हणतात त्या आमच्या विदर्भाकडे महालक्ष्म्या. आमच्या घरी त्या उभ्या असतात, आणि आमच्या घराण्यात आवाहनाला तेरडा मुळासकट लागतो, कारण मुळं म्हणजे देवीची पावलं. एरवी आई पुरानी बस्तीतल्या एका माळणीकडून आणवायची. त्या वर्षी तीन दिवस पावसाने धरलं होतं, माळीण आलीच नाही. आणि ते वर्ष साधं नव्हतं. लग्नाला सात वर्षं झाल्यावर माझ्या बायकोला दिवस गेले होते, सहावा महिना होता. आई देवीच्या बाबतीत एवढीशी कसूर ठेवायला तयार नव्हती. आवाहनाच्या सकाळी ती छत्री घेऊन मागच्या भिंतीशी गेली आणि तिथूनच मला हाक मारली.

“अवी, हे पाह्य रे. हळदीचा दोरा.”

महालक्ष्मीला सुताचा सोळापदरी दोरा हळदीत रंगवून वाहतात. आमच्या बायकांना हळदीतलं सूत दिसलं की ते देवीचं, याच्यापलीकडे दुसरा अर्थ सुचत नाही. आईने छत्री बगलेत धरून हात जोडले. तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं. “भाऊजींच्या घरी देव नाही उभा राहत, त्यांच्या थोरल्याकडे असते. आपल्यासाठीच राखून गेले बाप्पा. सून पोटुशी हाय हे मी सांगतलं होतं ना काकूले. जा, काढून आण. मुळं तुटू देऊ नको.”

मला दोरा म्हणजे काय ते माहीत होतं. होतं का? पांढऱ्याचं माहीत होतं. हा पिवळा होता. एवढ्या फटीतून मी आत शिरलो आणि स्वतःला पटवलं, की बियाचा दोरा वेगळा आणि हा वेगळा. नागपूरला एक फोन लावला असता तर मिनिटभराचं काम होतं. पण तेव्हा अंगावर पाऊस होता, आई खोळंबली होती, आणि मला अकराच्या आत भनपुरीच्या ऑफिसात पोचायचं होतं. ओल्या मातीतून सातही झाडं अलगद आली. मुळं अजिबात तुटली नाहीत. आई खूश झाली.

काका आठ दिवसांनी यायचे होते, ते चौथ्याच दिवशी आले. पट्टी निघाल्याबरोबर गाडीत बसले म्हणे. आमच्याकडे विसर्जनाचा दिवस, बायकांची ये-जा चालू होती. त्यांनी आधी मागचं अंगण पाहिलं असणार. थोड्या वेळाने ते आमच्या पुढच्या दारात उभे राहिले. दवाखान्याचा काळा चष्मा, पावसात भिजलेली विजार, चिखलाचे पाय. समोर महालक्ष्म्या उभ्या, आणि त्यांच्या पायाशी पितळी कळशांत ती सात झाडं. माना पडलेली, फुलांवर इतकं हळदीकुंकू की मूळ रंगाचा ठिपकाही दिसत नव्हता. काकांनी चष्मा काढला. डॉक्टरने काढू नका म्हणून सांगितलं असणार. बघत राहिले.

“वहिनी,” ते आईला म्हणाले, “फुलं तुमच्या देवीचीच. मले फक्त बोंडं द्या. चार-पाच भरली असन. खुडून घेतो, झाडाले धक्का नाही लावत.”

आई चपापली. तिला सगळं कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता. बायका ऐकत होत्या, सून आत पडली होती, आणि देवीच्या पायाशी वाहिलेलं कोणी माणूस परत मागत होता. “भाऊजी, असं म्हणू नका. वाह्यलेलं परत नेते का कोणी? घरात पोटुशी बाई हाय. तुम्ही दुसरं पेरा ना, मी बी आणून देतो बाजारातून.”

“बाजारात नाही मिळत हे, वहिनी.”

“तेरडाच त हाय,” पाठीमागून कोणीतरी म्हणालं. कोण ते मी सांगत नाही. चांगली बाई आहे.

काका माझ्याकडे वळले. एका डोळ्यात अजून औषधाचं पाणी होतं. “अवी, तू सांग ना. तुले माहीत हाय.” 

मला माहीत होतं. मी म्हणालो, “काका, आईचं... आता विसर्जन झाल्यावर पाहू.” मी चाळिशीला टेकलेला, कमावता, बाप होऊ घातलेला माणूस, आणि हे माझं वाक्य.  काका “हव” म्हणाले, चष्मा लावला, आणि चिखलाच्या पावलांनी आले तसे गेले. त्यांच्यामागून आईने फरशी पुसून घेतली.

विसर्जन झाल्यावर पाहू म्हणालो होतो, ते कसं पाहिलं तेही सांगून टाकतो. संध्याकाळच्या आत निर्माल्याची टोपली स्कूटरवर पुढे ठेवून मी तलावावर गेलो. एकटाच. बरोबर आई नव्हती, देवी नव्हती, कोणी नव्हतं. काठावर झाडं टोपलीतून काढताना एका बोंडाला बोट लागलं आणि ते फुटलं. पाच-सहा तपकिरी दाणे माझ्या तळहातावर पडले. शेजारी आणखी तीन बोंडं टम्म दिसत होती. खिशात रुमाल होता. आठ-दहा मिनिटांत मी त्यांच्या दारात असतो.

मी हात पाण्यात धुतला. झाडंही सोडली. त्या वेळी मनात काय होतं ते मला लख्ख आठवतं, आणि मी ते कोणाला सांगितलेलं नाही. बी परत नेऊन दिलं असतं तर चूक आमची ठरली असती. सगळंच बुडालं म्हणजे ती देवीची इच्छा. देवीला जाब विचारायला कोणी येत नाही. घरी जाऊन मी आईला म्हणालो, नीट विसर्जन केलं. ती म्हणाली, चांगलं झालं.

मुलगी झाली, सुदृढ झाली. आई अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, त्या वर्षी देवीने मागून घेतला होता तेरडा, तेव्हा ही पदरात घातली. आधी मला ते ऐकवत नसे. आता मी चहा घेत बसून राहतो.

काका भांडले असते तर बरं झालं असतं. पेढे घेऊन गेलो तर त्यांनी पेढा खाल्ला, पोरीला पाहायला आले, तिच्या मुठीत बोट दिलं. डोळ्यांचं कौतुकही करायचे. “चहा इतका लाल असते हे मी इसरूनच गेलतो. अन तुमची भिंत निळी हाय, मी तीन वर्षं हिरवी समजून राह्यलो.” काकू मात्र आमच्याकडे पुन्हा आल्या नाहीत. अंगणात थंडीची फुलं आली, उन्हाळ्याचे डबे भरले, एका वाफ्याआड दुसऱ्याची रोपं पूर्वीसारखी उभी राहिली. फक्त पावसाळा आला तेव्हा भिंतीकडचा तो लांब वाफा मोकळा होता. खुरपलेला, साफ, आणि मोकळा. मी विचारलं तर म्हणाले, “राहू दे पडीत. जमिनीलेही कंटाळा येते.” पुढच्या पावसाळ्यातही तसाच. कॉलेजातल्या मॅडमचा फोन आला होता, काकूंनी उचलला आणि ते आता बागेचं करत नाहीत असं सांगून टाकलं. भाचे-पुतणे तेरडाकाका म्हणतच होते.

तिसऱ्या वर्षी चैत्रात काकांचं मूत्रपिंड बिघडलं आणि त्यांची मुलगी त्यांना नागपूरला न्यायला आली. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. डबे उचलून सावलीत ठेवायचे होते, त्यांच्याने वाकवत नव्हतं. मी डबे सरकवले. ते मोरीच्या पायरीवर बसून पाहत होते. ऊन चढत होतं. ते अचानक म्हणाले, “अवी, एक विचारू? रागावू नको.”

मला वाटलं, आता येणार. मी तयारही होतो, निदान तसं मला वाटत होतं. तलावाचंही सांगून टाकू असं मनात आलं.

“त्या दिवशी सकाळी तू काहाडली ना झाडं. उजेड चांगला होता. तुहे डोये चांगले. मी त शेवटचा रंग पाह्यलाच नाही, अंदाजानंच निवडला. कसा होता रे?”

मी म्हणालो, “पांढरा, काका. कडेला फिक्या जांभळ्याची रेघ.”

“ते मीच तुले सांगतलं होतं,” काका म्हणाले. “तू पाह्यलेलं सांग.”

मी त्या सकाळी मुळांकडे पाहत होतो. तुटू नयेत म्हणून. सात झाडं मी या दोन हातांनी उपटली, कळशांत ठेवली, तलावात सोडली, आणि एकाही फुलाकडे पाहिलं नव्हतं. काका वाट पाहत होते, आणि त्यांच्या तोंडावर राग नव्हता, नुसती उत्सुकता होती, लहान पोराला असते तशी. मी हातातला डबा आणखी थोडा सावलीत सरकवला. आतून त्यांच्या मुलीने औषधाची वेळ झाली म्हणून हाक मारली, आणि ते भिंतीला धरून उठले.

जूनमध्ये नागपुराहून ते गेल्याचा फोन आला.